वाघमारे आक्का आणि टाकून दिलेल्या खुर्च्या

परंड्याच्या बस डेपोत मी क्लार्क म्हणून लागले, त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात माझ्या टेबलावर तपासणिसाचा एक कागद आला. त्यात लिहिलं होतं : ‘वाहक श्रीमती वाघमारे यांच्या गाडीत दोन्ही बाजूंच्या सीटच्या मधोमध एक लाकडी खुर्ची आढळली. खुर्चीवर एक वयस्कर प्रवासी आढळला. सदर प्रवासी झोपलेला आढळला. कृपया खुलासा घ्यावा.’

मी तो कागद तीनदा वाचला. नोकरी नवी होती. खुलासा घ्यायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हेच मला माहीत नव्हतं. तेवढ्यात खिडकीशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, साडीवर खाकी कोट, मनगटं एखाद्या पैलवानाची असावीत तशी. अंबाड्यात एक जाड, चपटी पेन्सिल खोचलेली.

“नव्या मॅडम का तुमी? म्या वाघमारे. खुर्चीवाली.”

त्यांनी बॅगेतून दोन तिकिटं काढून माझ्यासमोर ठेवली.

“हे खुर्चीचं लगेज तिकीट. हे आजोबांचं तिकीट. भूमचा बाजार होता, गाडी गच्च भरलेली. आजोबा ऐंशीचे, उभं ऱ्हावंना. खुर्ची मोकळीच होती. आता तिकीट काढलेला माणूस तिकीट काढलेल्या खुर्चीवर बसला, तर ह्यात गुन्हा कुणाचा, ते तुमीच लिवा.”

“पण ते झोपले होते असं लिहिलंय.”

“झोपणारच की! खुर्चीच तशी हाय. शंभर वर्सांची सागवानी. तपासणीस सायबांना म्हणलं, तुमी बसून बगा, तर रागावले.”

मी तो खुलासा जसाच्या तसा लिहून साहेबांपुढं ठेवला. साहेबांनी वाचला, बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं, मग त्यांचे खांदे हलायला लागले. तो कागद त्यांनी फायलीत लावायला सांगितला आणि विषय मिटला. मी परत येऊन बसले, तर आक्का अजून तिथंच उभ्या होत्या. माझ्याकडं नव्हे, माझ्या खुर्चीकडं बघत.

“मागचा डावा पाय हलायलाय तुमचा,” त्या म्हणाल्या. “म्हणजे खुर्चीचा. उद्या येते.”

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जाण्याआधी त्या आल्या, मला उठवलं, खुर्ची उलटी केली, लाकडाची एक नखाएवढी पाचर सांध्यात ठोकली आणि चहा यायच्या आत निघूनही गेल्या. त्या खुर्चीवर मी पुढं सहा वर्षं बसले. ती कधी हलली नाही.

डेपोमागच्या वस्तीत मला खोली मिळाली ती नेमकी आक्कांच्या घराशेजारी. त्यांचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं वर पत्रा घातलेला लांबच लांब ओटा. दोन खोल्यांत माणसं राहायची : आक्का आणि त्यांची माय, गयाबाई. मिस्टर बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले. एकुलती मुलगी रेखा तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला सोलापुरात होती. आणि ओट्यावर राहायच्या खुर्च्या. तीन पायांच्या, एका हाताच्या, पाठ नसलेल्या, नुसतीच पाठ असलेल्या. एक झोपाळ्याची पाटी, एक तिजोरीसारखं जड कपाट, एक बाक, ज्याला कुणीतरी हिरवा, त्यावर निळा आणि त्यावर पुन्हा चॉकलेटी रंग फासलेला. ओट्यावरून जाताना राळेचा, जवसाच्या तेलाचा आणि ताज्या भुशाचा मिळून एक वास यायचा. आज कुठंही तसा वास आला, की माझी पावलं थबकतात.

हे सगळं त्या शिकल्या कुठं, असं मी विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, “कुर्डुवाडीला. पाऊण तासाच्या शाळेत.”

झालं होतं असं : नोकरीच्या सुरुवातीला त्यांची ड्युटी कुर्डुवाडीच्या गाडीवर होती. तिथं पोचल्यावर गाडी पाऊण तास थांबायची. बाकीचे कंडक्टर हॉटेलात बसायचे. आक्का एकट्या बाई. त्या स्टँडसमोरच्या एका सुताराच्या दुकानापुढं, निंबाखाली डबा खायच्या. पांचाळमामा नावाचे म्हातारे सुतार. ते जुन्या खुर्च्या दुरुस्त करायचे. आक्का भाकरी खात खात बघायच्या. असं वर्षभर चाललं. मामा कधी बोलले नाहीत. एक दिवस रंधा मारता मारता त्यांनी विचारलं, “बाई, रोज काय बघतीस?” आक्का म्हणाल्या, “तुमी काल त्या पायाला उलटा रंधा मारला. रेषा उचकटल्या. आज परत मारायलात.” मामांनी रंधा खाली ठेवला. “मग तू मार बघू.”

डबा तिथंच सुटला. पुढची दोन वर्षं आक्का रोज पाऊण तास काम शिकल्या आणि भाकरी गाडीत, तिकिटं फाडता फाडता खाल्ली. वेत किती वेळ पाण्यात भिजवायचा, लाखेचं पॉलिश स्पिरिटमध्ये कसं विरघळवायचं, कापसाचा बोळा कसा गोल गोल फिरवायचा आणि एका जागी क्षणभरही थांबू द्यायचा नाही, हे सगळं पाऊण पाऊण तासाचं शिक्षण. मग त्यांचा रूट बदलला. शेवटच्या दिवशी मामांनी त्यांना लाकूड तासायची स्वतःची एक पटाशी दिली. मूठ घासून घासून मामांच्या पंजाच्या आकाराची झालेली. “माझ्या हाताला ती कवाच बसली न्हाय,” आक्का सांगायच्या, “पण दुसऱ्या पटाशीनं काम केलं, की मामा बगायलेत असं वाटतंय.”

जुनं सामान शोधायची त्यांची पद्धत त्यांच्या नोकरीतूनच आली होती. गावागावांत गाडी थांबते. खिडकीतून घरं दिसतात, गोठे दिसतात, उकिरडे दिसतात. प्रवासी उतरेपर्यंत आक्कांची नजर सगळीकडं फिरून यायची. कुणाच्या कडब्याच्या गंजीला कपाटाच्या दाराचा टेकू आहे, कुणाच्या कोंबड्या कसल्या खुर्चीवर बसतात, कुठल्या हॉटेलात बाकाचा एक पाय विटांवर आहे, सगळं त्यांना तोंडपाठ. सुट्टीच्या दिवशी त्या त्या घरी जायच्या. आधी पाणी मागायच्या. मग पीकपाण्याचं बोलायच्या. मग सहज म्हणायच्या, “ती कोंबड्यांची खुर्ची बगू का जरा?”

लोकांना आनंदच व्हायचा. घरातली अडगळ कुणीतरी मागतंय! आक्का मात्र उगाच काही उचलायच्या नाहीत. वस्तू आधी उलटी करायच्या. त्यांच्या मते खुर्चीची वरची बाजू लोकांना दाखवायला केलेली असते. सुतार कसा होता ते खालून कळतं. ही सवय इतकी अंगात भिनली होती, की लग्नाच्या मांडवातसुद्धा बसण्याआधी हात खुर्चीखाली जायचा. प्लास्टिकची निघाली की चेहरा पडायचा.

रेखाला स्थळ बघायला आम्ही सास्तूरला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. मीही सोबत होते. मुलगा शिक्षक. भूकंपानंतर बांधून मिळालेल्या घरांच्या रांगेतलं त्यांचं घर, स्वच्छ, पुढं तुळस नाही पण मोगरा. मुलाच्या वडलांनी आक्कांना एका जुन्या लाकडी खुर्चीवर बसायला सांगितलं. आक्कांनी सवयीनं ती उलटी केली आणि तशीच धरून उभ्या राहिल्या. रेखानं कपाळाला हात लावला. मुलाची आई माझ्याकडं बघायला लागली. आक्का खालच्या लाकडावर बोट फिरवत होत्या.

“ही कितींदा जोडलीय?” त्यांनी विचारलं.

“तीनदा,” मुलाचे वडील ओशाळून म्हणाले. “भूकंपात ढिगाऱ्याखालून काढली. मग एकदा पोरानं पाडली. मग परत पाय निघाला. नवी घ्यायची राहूनच गेली बघा.”

“कुणी जोडली?”

“मीच. येतंय तसं.”

आक्कांनी खुर्ची सरळ ठेवली, तिच्यावर पदर सारखा करून बसल्या आणि म्हणाल्या, “मला स्थळ पसंत हाय.”

परतताना गाडीत रेखा चिडली होती. “मुलगा कसा आहे, किती शिकलाय, काही विचारलं नाहीस!” आक्का म्हणाल्या, “आगं, मोडलेली खुर्ची तीनदा जोडणारं घर हाय. तुज्या रागाला तेच लोक टिकतील.” रेखाला हसू आवरलं नाही. आणि मुलगा पसंत होताच, हे तिनं नंतर मला सांगितलं.

आक्कांच्या सुखाचा सगळ्यात मोठा दिवस मी पाहिला तो कपाटाचा. ओट्यावरचं ते तिजोरीसारखं कपाट निजामाच्या काळातलं होतं. कुठल्या तरी कचेरीतून लिलावात गेलेलं, मग किराणा दुकानात, मग पिठाच्या गिरणीत. त्यावर ऑइल पेंटचे थर. आक्का काचेच्या तुकड्यांनी ते खरवडत होत्या. काच घट्ट धरायची आणि आपल्याकडं ओढायची, रंगाची साल निघत येते. मीही संध्याकाळी कामावरून आल्यावर खरवडायला बसायचे. आतल्या बाजूला एक खण होता, तो काही केल्या उघडेना. ओढून ओढून आमची बोटं सोलली. आक्कांनी रॉकेल सोडलं, मेण चोळलं, शेवटी देवाधर्माचं नाव न घेणाऱ्या त्या बाईनं हात जोडले. खण हलला नाही.

“फळी तोडून काढू या का?” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांच्या मायला उचलून टाकायला सांगितलं होतं.

मग एक दिवस खणाच्या वरच्या पट्टीवरचा शेवटचा थर निघाला आणि खाली अक्षरं दिसली. उर्दू. कोरून काढलेली, बारीक, सुबक. आक्का तशाच भुशानं माखलेल्या हातांनी स्टँडवर धावल्या आणि रशीदचाचांना घेऊन आल्या. चाचा स्टँडजवळ शिलाई मशीन घेऊन बसायचे; सत्तरी उलटलेली, वस्तीत उर्दू वाचता येणारे तेवढेच उरले होते. तोवर बातमी पसरली. ओट्यासमोर पंधरा-वीस माणसं जमली. कुणी म्हणालं आत मोहरा असतील, कुणी म्हणालं जमिनीचे कागद.

चाचांनी चष्मा पुसला. नाक लाकडाला लागेपर्यंत वाकले. ओठ हलवत वाचलं. मग सरळ झाले आणि त्यांना हसू फुटलं. बोलताच येईना.

“काय लिवलंय चाचा? सांगा की!”

“बेटा, लिखा है...” चाचांनी डोळे पुसले. “लिवलंय, खेचू नका. ढकला.”

आक्कांनी एका बोटानं खण आत ढकलला. खट्‌ असा आवाज झाला आणि खण आपणहून बोटभर बाहेर आला.

आत मोहरा नव्हत्या. एक वाळकी सुपारी, दोन शिंपल्याच्या गुंड्या आणि लाकडाचा एक भोवरा. कपाटाच्याच सागवानाचा, एवढासा, कातलेला. कुण्या सुतारानं उरलेल्या तुकड्याचा केला असेल, कुणासाठी ते कोण सांगणार. सगळे जरा हिरमुसले. पण रशीदचाचांनी तो भोवरा उचलला, खिशातला शिलाईचा दोरा चार पदरी करून त्याला गुंडाळला, सदऱ्याची बाही वर केली आणि सत्तरीच्या त्या माणसानं तो समोरच्या रस्त्यावर असा फेकला, की तो एका जागी उभा राहून गुणगुणायला लागला. टाळ्या पडल्या. मग ड्रायव्हर लोकांनी फिरवला, शेजारच्या सुनांनी फिरवला, गयाबाईंनी काठी बाजूला टाकून फिरवून पाहिला. येणारी बैलगाडी थांबवून धरली होती, तिचा गाडीवान शिव्या द्यायला उतरला आणि तोही रांगेत उभा राहिला. आक्का सगळ्यांत शेवटी फिरवायला आल्या. त्यांचा भोवरा दर वेळी आडवा पडायचा. चाचांनी त्यांना तो फिरवायला शिकवला. हसून हसून आक्कांचा अंबाडा सुटला आणि पेन्सिल पडली.

ते कपाट त्यांनी विकलं नाही. त्या काहीच विकायच्या नाहीत. झालेली वस्तू ज्याला हवी त्याला देऊन टाकायच्या. बाक स्टँडवर बायकांच्या खोलीत गेला, झोपाळा वस्तीतल्या एका बाळंतिणीकडं. कपाट शाळेच्या वाचनालयाला दिलं. घाईत असलेल्या माणसाला मात्र त्या स्पष्ट सांगायच्या, “उद्या पायजे असंल तर प्लास्टिकची घ्या.”

एकच वस्तू त्यांनी कुणाला दिली नाही. तिची गोष्ट सांगितल्याशिवाय आक्का पूर्ण होत नाहीत.

आक्कांचं माहेर बेंबळी. तिथल्या एका लग्नाहून परतताना त्यांनी टेंपोत घालून एक आरामखुर्ची आणली. लांब हात असलेली. हात इतके लांब, की त्यावर पाय पसरून ठेवता यावेत. वेताची जाळी पूर्ण फाटलेली, एक हात निखळलेला, सगळ्यावर शेणाचे ओघळ. “पाटलांच्या गोठ्यात व्हती,” आक्का उत्साहानं सांगत होत्या. “धाकटे पाटील म्हणले न्या, सरपणालाच काढलीय. शिसवाची हाय मॅडम! शिसवाची कुणी जाळतंय व्हय?”

गयाबाई दारात आल्या. खुर्ची पाहिली. तशाच आत वळल्या.

त्या दिवसापासून त्यांनी ओट्यावर बसणं सोडलं. एरवी दिवसभर ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करणारी ही म्हातारी आतल्या खोलीत, चुलीशी बसायला लागली. आक्कांनी विचारलं, दुखतंय का काही? नाही. जेवण? जेवत होत्या. शेवटी आठवडाभरानं, आक्का खुर्ची धूत होत्या, मी शेजारी शेंगा सोलत होते, तेव्हा गयाबाई आल्या आणि उंबऱ्यात उभ्या राहिल्या.

“वत अजून पाणी,” त्या म्हणाल्या. “त्यांनी बी लई वतलं व्हतं.”

आक्कांचा हात थांबला.

गयाबाईंनी जे सांगितलं ते फार थोडक्यात सांगितलं. निजामाचं राज होतं, आपण अजून बौद्ध झालो नव्हतो. त्या दहा वर्षांच्या होत्या. आईबरोबर पाटलांचं अंगण झाडायला जायच्या. थोरले पाटील ह्या खुर्चीवर हातांवर पाय टाकून बसायचे. एके दिवशी अंगणात कुणी नव्हतं. खुर्चीचा हात उन्हात चकाकत होता. “वाटलं, एवढं चकाकतंय तर लागतंय कसं हाताला. म्हणून बोट लावलं. एकच. पाटलीणबाईनं बगितलं. मारलं न्हाय. नुसती खुर्ची धुवून घेतली गड्याकडून. चार घागरी पाणी. आन म्या उभी, बगत.” मग त्या म्हणाल्या, “मारलं असतं तर इसरले असते.”

आक्का उठल्या. कोपऱ्यातली कुऱ्हाड उचलली. त्यांचा चेहरा तसा मी कधी पाहिला नव्हता. मी शेंगांचं सूप धरून तशीच बसले.

“ठेव ती,” गयाबाई म्हणाल्या.

“माय, मला म्हाईत असतं तर म्या ही दारात आणली नसती.”

“ठेव म्हणते ना. आता आणलीस तर नीट कर. तवा जशी गुळगुळीत व्हती, तशी कर. मला बगायचीय.”

आणि मग सुरू झालं ते काम, जे मी जन्मभर विसरणार नाही. आक्कांनी खुर्चीचा निखळलेला हात जोडला, लाकडाच्या खुंट्या मारल्या. वेत भिजवून नवी जाळी विणली; सहा पदरांची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. मग पॉलिश पेपरनं घासणं. आधी खरखरीत, मग बारीक, मग त्याहून बारीक. झालं असं वाटलं तेव्हा मायला हाक मारली. गयाबाई काठी टेकत आल्या. उजव्या हाताचं पहिलं बोट पुढं केलं. खुर्चीच्या हातावर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. डोळे मिटून.

“अजून न्हाय.”

दुसऱ्या दिवशी पुन्हा घासणं. पुन्हा बोट. “अजून न्हाय.” तिसऱ्या दिवशी मी फिरवून पाहिलं, माझ्या बोटाला तर ते काचेसारखं लागलं. गयाबाईंना नाही. “हितं, मदी, जरा धरतंय.” आक्का ड्युटीवरून येऊन, खाकी कोट काढून थेट घासायला बसायच्या. जवसाचं तेल पाजून झालं, लाखेचे हात झाले. अकरा दिवस हे चाललं. डेपोत पैजा लागल्या. ड्रायव्हर लोक सकाळी गाडी काढताना खिडकीतून ओरडायचे, “आक्का, आज पास का नापास?” आक्का हात हलवायच्या : नापास. मला वाटतं नवव्या दिवसापासून म्हातारी मुद्दाम करत होती. तिला मजा यायला लागली होती. पोरगी घासतेय, घाम पुसतेय, आणि आपण बोट फिरवून ठरवणार!

बाराव्या दिवशी दुपारी बोट या टोकापासून त्या टोकाला गेलं, तिथं थांबलं, आणि परत आलं.

“व्हय,” गयाबाई म्हणाल्या.

आक्का मटकन खाली बसल्या. “बस की मग माय.”

गयाबाईंनी काठी माझ्या हातात दिली. पदर कमरेला खोचला. वळल्या, हळूच टेकल्या, मग मागं रेलल्या. वेत करकरला. जरा वेळ त्या आढ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी एक पाय उचलला. तो उचलेना. आक्कांनी धरून खुर्चीच्या लांब हातावर ठेवला. मग दुसरा. हिरवं लुगडं, भेगाळलेल्या टाचा, दोन्ही पाय दोन्ही हातांवर. म्हातारीनं मिश्या नसलेल्या ओठांवरून बोटं फिरवली, मिशीला पीळ द्यावा तशी, आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “कोण हाय तिकडं? चहा आणा!”

आम्ही तिघी किती हसलो त्याला मोजमाप नाही. समोरच्या घरातल्या बायका धावत आल्या. त्यांना कारण सांगताच येईना आणि त्याही हसायला लागल्या.

वर्षभरानं धाकटे पाटील एकदा परंड्याला आले होते. किल्ला बघायला पाहुण्यांना घेऊन आले, आणि आक्कांना भेटायला वाट वाकडी केली. चाळिशीचा, साधा, हसरा माणूस. खुर्ची बघून थक्क झाले. “आमचीच का ही?” असं म्हणून गेले आणि लगेच जीभ चावली. गयाबाई खुर्चीवर बसलेल्या होत्या. त्यांनी पाय खाली घेतले आणि उठल्या.

“बसून बगायची का?”

“नको नको आजी, तुमी बसा.”

“बसा हो. तुमच्या आज्याची हाय.”

पाटील बसले. अंग चोरून. मग वेतानं पाठ धरली तसे सैल झाले, डोळे मिटले. “कमरंला लई बरं वाटतंय,” ते म्हणाले. त्यांना पुढची मागची गोष्ट काही ठाऊक नव्हती, आणि कुणी सांगितलीही नाही.

गयाबाईंनी चहा संपेपर्यंत वाट पाहिली. “झालं? उठा आता,” त्या म्हणाल्या. पाटील हसत उठले, पाया पडले आणि गेले. त्यांची गाडी वळणावर दिसेनाशी झाल्यावर आक्का खुर्चीजवळ उभ्या राहून अगदी गंभीरपणे म्हणाल्या, “माय, घागरी भरू का? धुवायची का?”

म्हातारीला हसता हसता ठसका लागला. मी पाणी दिलं. डोळे पुसत त्या पुन्हा खुर्चीवर टेकल्या आणि म्हणाल्या, “न्हाय गं. पोरगं चांगलं हाय. धुवायचं कशाला.”

त्या खुर्चीवर गयाबाई आणखी चार वर्षं बसल्या. त्यांना दुपारची झोप तिथंच लागायची, आणि एका दुपारी ती उतरलीच नाही. आक्कांनी त्या दिवशीही मला हाक मारली ती एवढीच, “मॅडम, जरा या, माय उठंना.” पुढं महिनाभर त्यांनी ओट्यावर काही घासलं-ठोकलं नाही. मग एक दिवस पहाटेच रंध्याचा आवाज आला आणि मी अंथरुणातच सुस्कारा सोडला.

आक्का रिटायर झाल्या आणि रेखाकडं, सास्तूरला गेल्या. माझी बदली उमरग्याला झाली. फोनवर त्या म्हणायच्या, “हितं तर खजिनाच हाय मॅडम. भूकंपाच्या ढिगाऱ्यातून लोकांनी काय काय काढून ठेवलंय! तीस वर्सं कोपऱ्यात उभं हाय सगळं, एका पायावर.” गेल्या वर्षी लोहाऱ्याला काम होतं, ते लवकर आटोपलं, म्हणून मी सास्तूरला उतरले. पुढची गाडी तासाभरात होती. रेखाच्या सासऱ्यांनी मला समाजमंदिराकडं पाठवलं.

तिथं चिंचेच्या सावलीत एक भलंमोठं जेवणाचं टेबल उभं होतं. भोवती चारपाच बायका, कुणाच्या हातात सरसाचं भांडं, कुणाच्या हातात ओला कपडा. सगळ्या श्वास धरल्यासारख्या. आक्का कुठं दिसेनात. मग टेबलाखालून बाहेर आलेले दोन पाय दिसले. तळवे भुशानं पांढरे.

“आक्का!”

“कोण? क्लार्क मॅडम?” आवाज टेबलाखालून आला. “थांबा, बाहेर येता येईना. सरस लावलाय, हात सोडला तर सांधा निसटंल. तेवढी काठी धरा.”

टेबलाच्या चारही पायांभोवती दोरी गुंडाळलेली होती आणि त्या दोरीत एक काठी घालून पीळ दिलेला. काठी धरून बसलेली बाई उठली, मी तिथं बसले. पीळ उलटा फिरू बघत होता. दोन्ही हातांनी दाबून धरावं लागलं. आम्ही तशाच बोलत राहिलो. मी वर, त्या खाली. रेखाला मुलगी झालीय, हे त्यांनी फळीपलीकडून सांगितलं. माझ्या गुडघ्यांचं मी सांगितलं. त्यांनी जवसाचं तेल चोळायला सांगितलं.

रस्त्यावर हॉर्न वाजला. झाडांमधून लाल गाडी येताना दिसली.

“तुमची का?” आक्कांनी विचारलं.

“हो. पण दुसरी असेल ना?”

“पावणेपाचला हाय. ती बी येळंवर येत न्हाय.”

गाडी थांबली, दोन माणसं चढली, कंडक्टरनं घंटी मारली. बायका माझ्याकडं बघत होत्या. मी काठी सोडली नाही. गाडी धुरळा उडवत निघून गेली.

“गेली?” खालून आवाज आला.

“गेली.”

“मग नीट धरा,” आक्का म्हणाल्या. “मघापासून ढिली धरलीय तुमी.”